न पाळायचं ग्रहण

आमच्या गल्लीत बाकीच्या घरांत ग्रहण पाळतात. आमच्या घरात ग्रहण न पाळणं पाळतात. दोन्हींत जास्त दमवणारं कोणतं, ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच ग्रहणाला कळलं. शेजारच्या काकूंना त्या दिवशी काहीच करायचं नसतं. चूल नाही, विळी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. जप करत बसायचं आणि सुटलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर घरात नियम घालून दिला, की ग्रहण लागलं की कढई चढवायची, भजी काढायची आणि सगळ्यांनी अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसून ती खायची. भूक असो नसो. एकदा तर मला चांगला ताप होता आणि मी कानाला मफलर बांधून भजी तळली होती. अंधश्रद्धा घालवायची म्हणून.

त्यातून मी भूगोलाची शिक्षिका. वीस-बावीस वर्षं वर्गात चंद्रग्रहण शिकवते आहे. एक टॉर्च, एक टेनिसचा चेंडू आणि पहिल्या बाकावरच्या कुणाचं तरी डोकं, एवढ्या सामानात माझे सूर्य, चंद्र, पृथ्वी उभे राहतात. पण खरं चंद्रग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी कायम कढईपाशी.

नियमाचा दुसरा भाग कुणी बोलून दाखवत नसे. भजी खाऊन झाली, की ग्रहण सुटायच्या बरंच आधी बाबा, म्हणजे माझे सासरे, उठायचे. आपल्या खोलीत जायचे, दार लावायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे. सासूबाई त्यांच्या मागोमाग जायच्या. मी एकदाच त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सुटाच्या टायमाले थे मागणारे येतेत ना गल्लीत, दान मागाले. त्याहिले तो आवाज सहन नाई होत. तू इचारू नको." मी विचारलं नाही. सुनेला करायची कामं इतकी असतात, की न करायचं एखादं काम वाट्याला आलं तर मी ते मन लावून करते.

सासूबाई गेल्या, आणि बाबांना ग्रहणाची गरज उरली नाही. ते रोजच दार लावून बसू लागले. पेपर खोलीत, चहा खोलीत, जेवण खोलीत. मी ताट नेऊन ठेवायची आणि रिकामं ताट आणायची. आमच्यात तेवढंच बोलणं.

अशात माझ्या नवऱ्यानं क्लबाच्या मीटिंगमध्ये हात वर केला. परदेशातली मुलं वर्षभर इकडच्या घरांत राहायला येतात, दर काही महिन्यांनी घर बदलतात, तसली काहीतरी योजना होती. "आपला मुलगा पुण्याला. त्याची खोली रिकामीच आहे," नवरा म्हणाला. खोली रिकामी आहे हे त्याला दिसलं. मी रिकामी नाही, हे त्याला दिसलं नाही.

मुलगी येणार म्हटल्यावर गल्लीत सोनेरी केसांची वाट पाहणं सुरू झालं. आली ती मेक्सिकोची. सावळी, ठेंगणी, पाठीवर काळीभोर वेणी. काकूंनी फाटकाशी उभं राहून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "हे तं आपल्या बडनेऱ्याची वाटते वं. तुमाले फसवलं तं नाई ना कोणी?"

पहिल्याच जेवणात मी तिच्यासाठी बिनतिखटाची भाजी केली होती. तिनं माझ्या पानातला ठेचा बोटानं चाटला, जरा विचार केला आणि आणखी मागितला. भाकरी पाहून तर ती खूप हसली; तिकडे तिची आजी हेच थापते, फक्त मक्याचं, हे आम्हाला पुढे कळलं. हा गोंधळ काय आहे म्हणून बाबा खोलीतून बाहेर आले. ती ठेचा खाताना पाहत उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. कितीतरी महिन्यांनी टेबलाशी.

त्यानंतर ते रोज बाहेर येऊ लागले. तिला मराठी शिकवायचं काम त्यांनी घेतलं. मी शाळेत बोलते ती मराठी बाजूला राहिली आणि पोरगी आठ-पंधरा दिवसांत "मावशी, मले भूक लागून राहिली" असं म्हणू लागली. आई म्हणायला तिची आई तिकडे होती, म्हणून मी मावशी. बाबा तिचे आबाजी. नवरा क्लबात सगळ्यांना सांगत सुटला, की या योजनेचा बाबांना किती फायदा झाला. मी भांडी घासता घासता दुसऱ्याच हिशेबात. ती घर बदलेल, तेव्हा काय?

ते घर ठरलं अकोल्याचं. जायचं ग्रहणाच्याच आठवड्यात. कार्तिक पौर्णिमेची शाळेला सुटी होती, म्हणून मी तिला नवं घर दाखवायला आणि एक जड बॅग पोचवायला घेऊन गेले. नवरा येणार होता. पण हात वर करणारी माणसं बॅग उचलायच्या दिवशी नागपूरला असतात.

घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडून, एका अरुंद गल्लीत. माणसं फार चांगली. बाईंनी दारातच माझे हात धरले आणि म्हणाल्या, "माफ करा ताई, आज चहासुद्धा विचारत नाही. चंद्र आज ग्रहण लागलेलाच उगवणार ना, म्हणून वेध सूर्योदयापासूनच लागलेत." मी सकाळी चहा-बिस्किटावर निघालेली. म्हटलं, "छे छे, भूक कुठंय!" मुलीला तिचा कप्पा दाखवायला त्यांनी फ्रिज उघडला. दुधावर तुळशीचं पान, लोणच्यावर पान, कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुचावरसुद्धा पान. मुलीला ती कोथिंबीर वाटली. तिनं दह्यावरचं पान उचलून तोंडात टाकलं आणि "मस्त" म्हणाली. बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि तिथं दुसरं पान ठेवलं. या घरात पोरीचं नीट होईल, अशी तेव्हाच माझी खात्री पटली.

येताना गाडीत गर्दी. मूर्तिजापूरला दोन समोसे मिळाले ते खाल्ले. गाडी हलली तशी मुलगी म्हणाली, "आबाजीचं गाव इथीच हाये ना?"

"इथून जवळ."

"तुमी गेल्या होत्या?"

"नाही."

"काहून?"

नेलं नाही कुणी, म्हणून. बाबांनी ते गाव कॉलेजच्या वयात सोडलं, एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले, राजापेठेत घर बांधलं आणि गावाचं नाव घरात घ्यायचं बंद केलं; पोरीला मात्र त्यांनी ते सांगितलेलं दिसत होतं. हे सगळं तिला सांगण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. मी खिडकीला डोकं टेकवलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मला फक्त पाय वर करून पडायचं होतं. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर बेसनाचा डबा काढून ठेवलेला, आणि परातभर कांदा चिरलेला. बाबा डोळे पुसत उभे.

"बाबा, आज राहू द्या ना. बाहेरून काहीतरी मागवू."

"मागवाचं असन तं गिरान बी मागवा बाहेरून," ते म्हणाले. "कढई चढव."

चढवली. मुलगी ओट्याला टेकून तिच्या आजीचं सांगत होती. तिकडेही म्हणे ग्रहणात पोटुशी बाई पोटाशी सेफ्टी पिन लावते, लाल कपडा घालते, नाहीतर बाळाला व्यंग येतं. बाबांचा चेहरा एकदम फुलला. "म्हंजे तुमच्याकडं बी हाये येडेपणा!" इतक्या दूरवरच्या लोकांतही तो आहे, याचा त्यांना फार आधार वाटला.

पण अंगणात बसायचं तिनं ऐकलं नाही. "आबाजी, अंगणातून नाई दिसत. चंद्र खाली राहीन. गच्चीवर चाला." तिचं बरोबर होतं. नुकता उगवणारा चंद्र समोरच्या दुमजली क्लासच्या पाटीमागेच राहिला असता. हे भूगोलाच्या बाईंना सुचायला हवं होतं. बाबांनी गुडघ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. सासूबाई पापड वाळत घालायच्या तेव्हा ते राखण करायला वर बसायचे, त्यानंतर ते गच्चीवर गेले नव्हते. "चाल," म्हणाले. पोरीनं कोपर धरलं, दर पायरीला दम खात दोघं वर गेली. मी पहिला घाणा काढला आणि ताटली घेऊन वर. मग सतरंजी घेऊन वर. मग पाणी घेऊन वर.

फाटकातून काकूंचा आवाज आला. "भजे काढून राहिल्या काय वं?"

"हो काकू."

"वास येते," काकू म्हणाल्या. त्यांनी सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं. "सुटल्यावर धाडजा चार."

चंद्र आला तो रेल्वेपुलाच्या बाजूनं, धुरकट, विटकरी आणि अर्ध्याहून जास्त झाकलेला. कुणीतरी भाकरीचा मोठा तुकडा मोडून नेल्यासारखा. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी वर्गात बोलते त्याच आवाजात पृथ्वीच्या सावलीचं सांगायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, "सूनबाई, भजं खाय."

मी खाल्लं. उभ्याउभ्याच. आणि माझ्या ध्यानात आलं, की मी एक मोठी चूक केली आहे.

एरवी ग्रहण दोन-तीन तास चालायचं. भजी खाऊन, पाणी पिऊन, बाबांना खोलीत जायला वेळ असायचा. हे ग्रहण उगवलं तेच सुटायच्या बेतात होतं. मागणारे आता कधीही येणार. आणि बाबा गच्चीवर. टीव्ही खाली, दार खाली. जिना उतरायला त्यांना लागणार पाव तास, आणि जिना उतरतो तो थेट फाटकाशी. सासूबाईंनी मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती, की तो आवाज त्यांना सहन होत नाही. तीही मी कढईच्या नादात विसरले. आता तो आवाज ऐकून ते पोरीसमोर उठून जातील, उद्या-परवा पोरगी अकोल्याला जाईल, आणि मग ते दार पुन्हा उघडायचं नाही. मी "बाबा, खाली..." एवढं म्हटलं, तोच तो आवाज आला.

"दे दान, सुटे गिरान!"

बाईचा आवाज. गल्लीच्या टोकाशी. बाबांच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

"दे दान, सुटे गिरान!"

"आबाजी, थे काय म्हणते?" मुलीनं विचारलं.

काकूंच्या फाटकाची कडी वाजली, काहीतरी पदरात पडल्याचा आवाज झाला. मुलीनं कठड्यावरून वाकून सगळं पाहिलं. तिला वाटलं असावं, सण आहे. तिनं ताटलीतली थोडी भजी कागदात गुंडाळली आणि कठड्याबाहेर हात काढला. "आपण बी देऊ!"

"वरून टाकू नको!"

बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले, की समोरच्या क्लासची मुलं खिडकीत आली. पोरीचा हात तसाच थांबला.

"वरून नाई टाकाचं," ते हळू म्हणाले. "कोणालेच नाई."

"काहून, आबाजी?"

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. कठड्याकडे पाहत म्हणाले, "आमच्यावर वरूनच टाकत होते."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, आणि माझ्याकडे न पाहता. "लहान होतो. माह्या आजीसंगं जात होतो मी. गिरान लागलं की निघाचं. आजी पदर धरे, माह्याजवळ टोपलं. हेच वरडाचं. लोक वट्ट्यावर उभे राहत न् वरून सोडत. जवारी, मीठ, फाटकं लुगडं. आमाले शिवत नव्हते ना. अर्धी जवारी धुळीत जाये. थे वेचाचं काम माह्यं. मंग बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. म्हणे, आता कोणाच्या दारी जाचं नाई. गिरान लागलं की आपल्या दारी बसून खाचं."

मुलीला सगळे शब्द कळले नसतील. पण तिनं विचारलं ते मी विचारलं नसतं. "मंग चंद्र कसा दिसे, सुटतानी?"

"कोणाले मालूम," बाबा म्हणाले. "मी खाली पाहत होतो. दाणे कुठी पडले थे. वर पाहाले फुरसत कुठी होती?"

आवाज आता आमच्या फाटकाशी आला होता. बाबांनी कागदाची पुडी पोरीच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे दिली. "तू खाली जाय. हातात देजो. अन् बस म्हणजो तिले. खुर्ची दे."

"बाबा, मी आत्ताच वर आले हो."

"मीच गेलो असतो. पण मी उतरीन तवर उद्याचा पेपर येईन."

गेले खाली. फाटकाशी एक म्हातारी बाई, पाचवारी साडी, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. मी खुर्ची ओढली. "बसा, मावशी."

"कोण, मी?" तिनं खुर्चीकडे असं पाहिलं, की जणू खुर्ची मोडल्याचा आळ तिच्यावर येणार आहे. "बसू काय बाई, दोन गल्ल्या राहिल्या. गिरान काय माह्यासाठी थांबते? एकदा सुटलं की कोणी इचारत नाई."

"दोन भजी तरी खा. गरम आहेत."

"अवं गिरान हाये ना!" ती खरोखर दचकली. "गिरानात खातेत काय कोणी? शिकल्यासवरल्या दिसता तं."

आमच्या आजेसासऱ्यांपासून चालत आलेल्या नियमाची ही बाजू अजून कुणी मांडली नव्हती. मी पुडी पुढे केली. तिनं सवयीनं पदर पसरला. मी हातात द्यायला गेले, ती पदर पुढे करू लागली. दोघींचं जमेना. शेवटी तिनं हात पुढे केला, जरा अवघडूनच, आणि पुडी घेतली. "सुटल्यावर खाईन," म्हणाली. मग वर बघून: "तुमच्या दारी मी कधी आवाज देत नाई. बुढा दार लावून घेते म्हणून. आज गच्चीवर दिसला, म्हणून आली."

ती गेली. पुढच्या घराशी तिचा आवाज परत सुरू झाला. मी रिकामी खुर्ची आत ठेवली आणि जिना चढायला लागले. मधल्या वळणावर बसले थोडी. पोटऱ्या नुसत्या ठणकत होत्या. वर दोघांची कुजबुज चालली होती. मग ती थांबली.

वर पोचले तेव्हा बाबा कठड्याशी उभे होते, पोरीनं त्यांचं कोपर धरलेलं. पुलावरचा चंद्र पुरा गोल, पांढरा, काही झालंच नाही असा.

"सुटलं," बाबा म्हणाले. "तू कुठी होती?"

"जिन्यात."

एवढी वर्षं शिकवते आहे, आणि हेही गेलं. मी सतरंजीवर बसकण मारली. "कसं दिसलं?"

"काई नाई वं. कंदिलाची काच पुसल्यावानी. एका कडेनं पुसत आलं न् झालं." बाईचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला होता, अजून येत होता. त्यांनी तो पुरा ऐकला. "कोणी वरडलं नसतं तरी सुटलंच असतं थे," ते म्हणाले. "किती घसा सुकवला माह्या आजीनं."

पोरीनं ताटली पुढे केली. भजी गार झाली होती. तिघांनी खाल्ली. खाली काकूंच्या न्हाणीघरात पाणी पडायला लागलं, म्हणजे आता त्यांच्या चार भज्यांचा तगादा येणार.

मुलगी ठरल्याप्रमाणे अकोल्याला गेली. तिच्या मागे बाबांनी दार लावून घेतलं, आणि मी मनात म्हटलं, झालं. संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीशी गेले, तर खोली रिकामी. हाका मारल्या. वरून ओ आली. भिंत धरधरून एकटेच चढले होते. सतरंजी अंथरून पूर्वेकडे तोंड करून बसलेले. चंद्र उगवायला अजून तासदीड तास होता.

तेव्हापासून ते रोज वर असतात. मुलीचा अकोल्याहून फोन येतो, "मावशी, आबाजी कुठी हाये?" आणि मी म्हणते, "वर." चहा वर लागतो, पेपर वर लागतो, थंडी वाढली की घोंगडं वर लागतं. ताट खोलीशी ठेवायचे ते दिवस किती सोपे होते, असं एखाद्या संध्याकाळी, मधल्या वळणावर टेकल्यावर, माझ्या मनात येऊन जातं. तेवढ्यात वरून आवाज येतो.

"सूनबाई, येतच असशीन तं बिस्किटं बी आण."